दाखल्यावरचा भामटा, बातमीतला भामटा

कुठलंही मराठी वर्तमानपत्र उघडा. शहराच्या पानावर खालच्या बाजूला एखादी छोटी बातमी असतेच. दागिन्यांना पॉलिश करून देतो असं सांगून भामट्यांनी वृद्धेच्या बांगड्या लांबवल्या. बँकेतून बोलतोय असं भासवून भामट्याने निवृत्त शिक्षकाला गंडा घातला. ‘भामटा’ हा शब्द गुन्हेवार्तेत इतका मुरला आहे की तो लिहिताना कुणाला विचार करावा लागत नाही. तीन अक्षरांचा आहे, एका स्तंभाच्या मथळ्यात चपखल बसतो आणि वाचकालाही काय घडलं ते तत्काळ कळतं.

आता दुसरा कागद घेऊ. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत १४ जाती आहेत. बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा अशी ती यादी पुढे रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद यांच्यापर्यंत जाते. ‘भामटा’ या नोंदीखाली तिच्या तत्सम जातीही दिल्या आहेत: भामटी, गिरणी वडार, कामाटी, पाथरुट, टकारी, उचले, घंटीचोर. शेवटची दोन नावं पुन्हा वाचा. उचले आणि घंटीचोर. चोरी हाच ज्यांचा अर्थ आहे असे दोन शब्द सरकारी यादीत जातीची नावं म्हणून छापलेले आहेत. शिष्यवृत्तीसाठी, प्रवेशासाठी, वसतिगृहासाठी या समाजातल्या मुलाला जातीचा जो दाखला जोडावा लागतो, त्यावर यातलंच एखादं नाव असतं. त्या मुलाच्या घरी वर्तमानपत्र येत असेल, तर तो ते नाव रोज सकाळी चोराच्या अर्थाने वाचतो.

या प्रकरणाचा प्रश्न इथून सुरू होतो. एखाद्या समाजाच्या नावावरून शिवी तयार झाली, पुढे पिढ्यानपिढ्या ती वापरात राहिली, बोलणाऱ्याच्या मनात आता तो समाज येतही नाही. अशा शब्दाने अपमान होतो असं म्हणायचं का?

उत्तराआधी या नावांवर काय लादलं गेलं ते पाहायला हवं, कारण भाषेतला डाग पुष्कळदा कायद्याने पक्का केलेला असतो. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा आणला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लागू करता येऊ लागला. या कायद्याचं तत्त्व साधं आणि भयंकर होतं. माणसाने काय केलं हे पाहायचंच नाही, तो कोणाच्या पोटी जन्मला एवढंच पाहायचं. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की तिच्यातल्या माणसांची नोंदवही व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे, ठरल्या वेळी पोलिसपाटलाकडे किंवा ठाण्यात हजेरी लागायची, गाव सोडायचं तर परवाना लागायचा. मुंबई इलाख्यात यासाठी वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांतली सोलापूरची वसाहत मोठी. तारेच्या कुंपणाच्या आत कैकाडी, भामटे, छप्परबंद अशा समाजांची कुटुंबं ठेवली गेली आणि त्यातले हात सोलापूरच्या कापडगिरण्यांना कामाला मिळाले. शहराचा तो भाग आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखला जातो.

१९०८ साली मायकेल केनेडी या पोलिस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवर एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केलं. जातवार प्रकरणं, प्रत्येक जातीची वेशभूषा, बोली, चोरीची पद्धत. पक्ष्यांच्या जाती ओळखायला शिकवणारं पुस्तक असावं तशी त्याची मांडणी आहे. ठाण्यातल्या शिपायापर्यंत जे ज्ञान झिरपलं ते असल्या पुस्तकांतून: अमुक जातीचा माणूस दिसला की अमुक गुन्हा त्याने केला असणार. भामट्यांमध्ये चोरी करणारे नव्हतेच असं कुणी म्हणत नाही. पण त्याच नोंदीखालच्या ‘टकारी’ या नावामागे जात्याला टाकी लावण्याचं काम आहे, पाथरुटांच्या नावात पाथर आहे. दगड घडवून, जाती टाकवून पोट भरणारी माणसं त्याच ओळीत होती. भाषेने त्यातली चोरी तेवढी उचलली आणि टाकीचा हात विसरून गेली.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ साली रद्द केला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभरातून गेला, म्हणून हे समाज ३१ ऑगस्ट विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला तरी कागदांतली भाषा गेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांमधली जातिभेदाची कलमं घटनाबाह्य ठरवावी लागली. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा तो निकाल आहे. भटक्या-विमुक्तांना जन्माने सराईत गुन्हेगार समजण्याची वहिवाट या नियमावल्यांत अजून शिल्लक होती आणि न्यायालयाने तिच्यावर नेमकं बोट ठेवलं. स्वातंत्र्याला तेव्हा ७७ वर्षं झाली होती.

‘आता त्या शब्दात जात कुठे राहिली?’ हा आक्षेप मला थिल्लर वाटत नाही. त्याला आधार आहे. इंग्रजीत गुलामाला ‘स्लेव्ह’ म्हणतात. हा शब्द स्लाव लोकांच्या नावावरून आला, कारण मध्ययुगात युरोपातल्या बाजारांत विकल्या जाणाऱ्या माणसांत स्लाव फार होते. आज पोलंडच्या किंवा सर्बियाच्या माणसाला तो शब्द ऐकून काही लागत नाही. ‘व्हँडल’ म्हणजे नासधूस करणारा. हे एका जर्मानिक टोळीचं नाव, आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली, पाद्री ग्रेग्वारने नासधुशीला त्या टोळीच्या नावाने ओळखायला सुरुवात केली. तेव्हा राग यायला एकही व्हँडल शिल्लक नव्हता. आपल्याकडे ‘मोगलाई’ म्हणजे अंदाधुंदी. ते राज्यकर्त्यांचं नाव, सत्तेवर केलेली तक्रार. ‘पठाणी व्याज’ म्हणताना कर्ज देणाऱ्याच्या हातात काठी होती आणि घेणारा लाचार होता, हे आठवतं. या शब्दांना एकाच मापाने मोजून सगळेच हद्दपार करावेत असं मी म्हणणार नाही.

पण यातून निकष हाती लागतो तो शब्दाच्या वयाचा नाही. स्लाव लोकांची स्वतःची राष्ट्रं झाली, त्यांच्या नावाला जोडलेली गुलामी संपली, म्हणून शब्दातला डंख गेला. व्हँडल उरलेच नाहीत. ज्या समाजाला आजही त्या नावाने ओळखलं जातं, त्या नावापायी घर भाड्याने मिळत नाही, गावात चोरी झाली की पहिली धाड त्याच्या पालावर पडते, त्याच्यासाठी तो शब्द जुना झालेला नसतो. बोलणाऱ्याच्या मनातून जात पुसली गेली असेल, ऐकणाऱ्याच्या दाखल्यावरून ती पुसलेली नाही.

नकाशा बदलला की शब्दाचा जीव कसा बदलतो, याचं ‘चांडाळचौकडी’ हे उदाहरण आहे. मराठीत आपण हा शब्द कॉलेजच्या टवाळ मित्रांनाही लाडाने वापरतो. स्मृतिग्रंथांनी गावाबाहेर ठेवलेल्या माणसांचं हे नाव मराठीत जात म्हणून कुणाच्या वाट्याला उरलेलं नाही, त्यामुळे तो पूर्ण मेलेला शब्द वाटतो. बंगालमध्ये मात्र एका मोठ्या शेतकरी आणि नावाड्यांच्या समाजावर सरकारी कागदांत ‘चंडाल’ हेच नाव मारलेलं होतं. त्या समाजाने ते झुगारण्यासाठी चळवळ केली आणि १९११ च्या जनगणनेत ‘नमशूद्र’ हे नाव मिळवलं. जोगेंद्रनाथ मंडल याच समाजातले. १९४६ साली डॉ. आंबेडकर बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले, त्यात मंडल यांचा हात मोठा होता. ज्या शब्दाची आपल्याला झळ लागत नाही, तो उतरवून ठेवायला त्या माणसांना पिढ्या लागल्या.

‘बेरड’ या शब्दावर मला थोडं थांबायचं आहे. मराठीत बेरड म्हणजे निगरगट्ट, कितीही बोला काही न वाटणारा. ‘फार बेरड कार्टं आहे’ असं आई वैतागून म्हणते. आता बेरड समाजाचा इतिहास पाहा. कृष्णा-भीमेच्या दुआबात सुरपूरच्या परिसरात त्यांची सत्ता होती. १७०५ साली औरंगजेब स्वतः वाकिनखेड्याला वेढा घालून बसला तो पिड्या नायकाच्या बेरडांविरुद्ध. बादशहाने जातीने चालवलेला तो शेवटचा वेढा. गड शेवटी पडला, पण नायक हाती लागला नाही. १८५७ मध्ये इंग्रजांनी हत्यारं जमा करा असा हुकूम काढला तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी तो धुडकावला, आणि त्यांचं गाव जाळण्यात आलं. वाकायचं नाही हा या समाजाचा इतिहासातला ठळक गुण. तोच गुण राज्यकर्त्याच्या आणि गावकारभाऱ्याच्या नजरेतून पाहिला की निर्लज्जपणा होतो, आणि मराठी शब्दकोशाने दुसरी बाजू तेवढी नोंदवली. भीमराव गस्ती यांनी आपल्या आत्मकथनाला ‘बेरड’ हेच नाव दिलं. पुस्तक वाचून झाल्यावर त्या आईच्या तोंडचा शब्द पुन्हा पूर्वीसारखा ऐकू येत नाही.

रामोश्यांचंही तसंच. किल्ल्यांची आणि गावांची राखण हे त्यांचं काम. उमाजी नाईकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, १८३२ साली पुण्यात त्यांना फाशी झाली, आणि जी जमात राखणदार होती तिच्याकडे संशयाने पाहणं हा पुढे रिवाज झाला.

शब्द अपमानकारक आहे की नाही हे ठरवायचं कुणी? या प्रश्नावर न्यायालयाचा एक निकाल फार उपयोगी आहे. दिल्लीतल्या एका वाहनचालकाला लोकांसमोर ‘चमार’ म्हणून हिणवल्याचं प्रकरण २००८ साली सर्वोच्च न्यायालयात आलं. ते तर केवळ जातीचं नाव आहे, शिवी कशी, असा मुद्दा तिथे येणारच होता. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांच्या पीठाने सांगितलं की शब्दाची व्युत्पत्ती काय हे इथे पाहायचं नाही, आजच्या वापरात तो कोणत्या अर्थाने फेकला जातो ते पाहायचं. व्युत्पत्तीचा आधार घेऊन सुटका करून घेणाऱ्यांना हे उत्तर आहे. ‘मूळ अर्थ तर चामड्याचं काम करणारा एवढाच’ असं म्हणून जसं सुटता येत नाही, तसंच ‘आताचा अर्थ नुसता लबाड एवढाच’ असं म्हणूनही सुटता येऊ नये. ज्याच्यावर शब्द येतो त्याच्या बाजूने ऐकणं हे त्या निकालाचं मर्म आहे.

मात्र कायद्याचा हा हात सगळ्यांपर्यंत पोचत नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती आणि जमातींसाठी आहे. विमुक्त जातींतल्या पुष्कळ समाजांना तो लागूच नाही. कैकाड्यांचं पाहा. विदर्भातल्या नागपूर, वर्धा, अमरावती अशा जिल्ह्यांत ते अनुसूचित जातीत आहेत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणजे जातीच्या नावाने केलेली तीच शिवीगाळ नागपुरात या कायद्याखाली गुन्हा ठरू शकते, सोलापुरात ठरत नाही. माणूस तोच, नाव तेच, आणि ‘कैकाडी’ म्हणताना लोकांच्या तोंडाचा कडवटपणाही तोच.

चांगल्या हेतूने दिलेलं नावही लागू शकतं, हे १९३८ साली मुंबई विधिमंडळात दिसलं. स्थानिक मंडळांच्या विधेयकात ‘हरिजन’ हा शब्द आला तेव्हा भाऊराव गायकवाडांनी त्याला हरकत घेतली. सरकार पक्षाने ती मानली नाही, म्हणून डॉ. आंबेडकर आपल्या सभासदांसह सभागृहातून निघून गेले. देणाऱ्याच्या मनात गौरव होता. घेणाऱ्याला विचारलं नव्हतं, ही त्यांची तक्रार होती.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटण्याचं कारण नाही. ‘घाटी’ हा शब्द त्याने ऐकलेला आहे. घाट उतरून मुंबईत गिरणीत, गोदीत, घरकामाला आलेला माणूस म्हणजे घाटी. अर्थाने पाहिलं तर घाटावरचा, इतकं निरुपद्रवी विशेषण. पण इराण्याच्या हॉटेलात, बंगल्याच्या फाटकावर, इंग्रजी शाळेच्या आवारात तो ज्या सुरात उच्चारला गेला, त्या सुरात गावंढळ, अडाणी, गलिच्छ हे सगळं होतं. गोव्यात घाटावरून मजुरीला आलेल्या मराठी आणि कन्नड माणसांना ‘घांटी’ म्हणतात, तेही तसंच. कोकणातून आलेल्या घरगड्याचं नाव काहीही असो, मुंबईच्या श्रीमंत घरांत तो ‘रामा’ असे. ज्यांच्या घरातल्या आजोबांना हे शब्द झेलावे लागले आहेत त्यांना ‘शब्दाचं एवढं काय’ असं कुणी म्हटलं तर पटणार नाही. आणि त्याच मुंबईत आपण ‘भय्या’ या भावाच्या नात्याच्या शब्दाची काय गत केली तेही आपल्याला ठाऊक आहे.

समाजाचं नाव उसनं घेतलं की अपमान होतोच असं नाही. डॉ. श्रीराम लागूंनी आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव दिलं. माल इथून तिथे वाहून नेणारा, मधला इमानी वाहक ही त्यातली कल्पना. नाव तेच, पण त्याच्यासोबत त्या लोकांचं काम आणि कष्टही आले आहेत. ‘चांभारचौकशी’त नेमकं हे होत नाही. नसत्या उचापती करणं, खोदून खोदून विचारणं याला एका कारागीर जातीचं नाव का चिकटावं? ‘नसत्या चौकशा’, ‘भोचकपणा’ हे शब्द मराठीत आहेत आणि ते तेवढंच झणझणीत काम करतात. मी स्वतः तो शब्द लिहीत नाही.

ज्यांचं नाव आहे त्यांनीच ते उचलून धरलं तर काय होतं, ते आपल्या साहित्यात घडलेलं आहे. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ साली आलं, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोलिसांच्या वहीतला शब्द त्यांनी मुखपृष्ठावर आपल्या नावासोबत छापला. पण म्हणून बाकीच्यांना तो शब्द वापरायची मोकळीक मिळाली असा अर्थ काढणं चूक आहे. हा अधिकार ज्याने त्याची किंमत मोजली त्याचा.

आणि हे नाव सोडून देणंही वाटतं तितकं सोपं नाही. विमुक्त जातींच्या यादीत ‘भामटा’पासून वेगळी ‘राजपूत भामटा’ अशी नोंद आहे. २०२३ साली छत्रपती संभाजीनगरला राजपूत समाजाच्या मेळाव्यात तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी त्यातला ‘भामटा’ शब्द काढण्याचं आश्वासन दिलं. नाव अपमानकारक आहे, ते गळावं, हे वरवर पाहता न्याय्य वाटतं. पण भटक्या-विमुक्तांच्या संघटनांनी विरोध केला. ‘भामटा’ हा शब्द गेला की उरतं ते नुसतं ‘राजपूत’. मग ज्यांच्या पूर्वजांनी कधी हजेरी दिली नाही, ज्यांच्या घरावर कधी पोलिसांची वही फिरली नाही, असे जमीनदार राजपूतही त्याच दाखल्यावर त्याच ३ टक्के जागांवर हक्क सांगायला मोकळे. ज्या शब्दाने पिढ्यांचं नुकसान केलं, तोच शब्द आता त्या नुकसानीचा एकमेव सरकारी पुरावा होऊन बसला आहे. दाखल्यावरून तो हलवायचा तर आधी त्या समाजाने दुसरं नाव निवडायला हवं, आणि त्या नावाने हक्काची राखण होईल अशी तजवीज सरकारने करायला हवी. नमशूद्रांनी ते केलं होतं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महारवाडा, मांगवाडा अशी वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. मग यादीतल्या ‘उचले’ आणि ‘घंटीचोर’ या नोंदींपर्यंत तो विचार पोचायला काय हरकत होती, हे मला कळत नाही.

बातमीतला भामटा मात्र यातल्या कशावरही अडलेला नाही. तिथे कुणाचं आरक्षण जात नाही, कुणाचा पुरावा पुसला जात नाही. मराठीत यासाठी शब्दांची वाण नाही: चोरटा, भुरटा, ठक, लबाड, तोतया, लफंगा, फसवणूक करणारा. तोतया पोलिसाला तोतया म्हणता येतं, फोनवरून पैसे काढणाऱ्याला ठक म्हणता येतं, आणि मथळ्यात ‘ठक’ तर ‘भामटा’पेक्षाही कमी जागा घेतो. याच गुन्हेवार्तांत आणखी एक सवय आहे, ‘पारधी टोळी’, ‘कंजारभाट टोळी’ असे जातीचे उल्लेख करण्याची. पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकात ते आले म्हणून बातमीदार तसेच उतरवतो. ब्राह्मण, मराठा किंवा गुजराती आरोपींची टोळी पकडली तर तिला जातीचं नाव लागत नाही. संपादकांनी आपल्या बातमीदारांना आणि उपसंपादकांना द्यायची ही दोन ओळींची सूचना आहे, आणि ती उद्याच्या अंकापासून देता येईल.